उणा त्रिस्वर : नि, रे, म यांचा अभ्यास

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात वाद्यांचा एक दृष्टांत आला आहे. पावा असो अथवा वीणा, तिच्या नादांत भेद नसेल तर काय वाजविले जात आहे हे ऐकणाऱ्याला कळणार तरी कसे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. पौलाचा विषय तेथे भाषांच्या दानाचा आहे, संगीताचा नाही. तरीही उपासनेत पेटीवर बसणाऱ्या सेवकाने हा दृष्टांत शब्दशः घेतला तर त्याचे काही बिघडणार नाही. एका अर्धस्वराच्या भेदाने सारी मंडळी योग्य मार्गावर राहते किंवा भरकटते, हा अनुभव कित्येक उपासनांत येतो.

प्रस्तुत लेखात अशाच एका भेदाचा अभ्यास करावयाचा आहे. पाश्चात्त्य संगीतशास्त्रात ज्याला 'डिमिनिश्ड ट्रायड' म्हणतात, त्याला आपण येथे 'उणा त्रिस्वर' म्हणू. हा विषय केवळ परीक्षार्थींचा नाही. छत्तीसगडमधील भिलाईचेच उदाहरण घ्या. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे तेथे आली. कोहका, सुपेला यांसारख्या वस्त्यांत राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाच्या कानावर रविवारी इंग्रजी चालीचे हिंदी गीत पडते, तर घरच्या प्रार्थनेत मराठी भजन गाइले जाते. दोन्ही वेळी समोर पेटी एकच असते आणि बहुधा वाजविणाराही एकच. कोठे तीन स्वर एकत्र धरावे आणि कोठे धरू नयेत, हे त्याला ठरवावे लागते. या निर्णयात सर्वांत अधिक चकविणारा त्रिस्वर म्हणजे हा उणा त्रिस्वर होय.

१. त्रिस्वर म्हणजे काय?

सप्तकातील एक स्वर घ्यावा, पुढचा सोडून त्यानंतरचा घ्यावा, पुन्हा एक सोडून तिसरा घ्यावा. हे तीन स्वर एकदम वाजविले की त्रिस्वर होतो. सा, ग, प हा सर्वांच्या परिचयाचा त्रिस्वर. ज्या स्वरापासून आरंभ केला त्याला मूळ स्वर म्हणू.

आता अंतरे मोजू. मोजताना काळ्यापांढऱ्या सर्व पट्ट्या धराव्या आणि जिच्यापासून आरंभ केला ती पट्टी मोजू नये. एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर जाणे म्हणजे एक अर्धस्वर. सा पासून शुद्ध ग चार अर्धस्वरांवर आहे, ग पासून प तीन अर्धस्वरांवर. म्हणजे सा, ग, प या त्रिस्वराची मांडणी चार अधिक तीन अशी आहे. याला मेजर म्हणतात. हीच मांडणी उलट केली, म्हणजे आधी तीन आणि मग चार, तर मायनर त्रिस्वर होतो. उदाहरणार्थ रे, म, ध. पहिला प्रसन्न वाटतो, दुसरा काहीसा उदास. परंतु दोहोंत एक गोष्ट समान आहे. दोहोंचीही बेरीज सात आहे. मूळ स्वरापासून तिसरा स्वर सात अर्धस्वरांवर, म्हणजे त्याच्या पंचमावर येतो. षड्ज आणि पंचम यांचा संवाद आपल्या कानांत तंबोऱ्यामुळे मुरलेला आहे. मेजर व मायनर हे दोन्ही त्रिस्वर स्थिर वाटतात ते या पंचमाच्या आधारावर.

२. सात पायऱ्या, सात त्रिस्वर

बिलावल थाटाचे, म्हणजे सर्व शुद्ध स्वरांचे सप्तक घेऊन प्रत्येक स्वरावर त्रिस्वर उभारून पाहू :

सा, ग, प : ४ + ३, मेजर
रे, म, ध : ३ + ४, मायनर
ग, प, नि : ३ + ४, मायनर
म, ध, सा : ४ + ३, मेजर
प, नि, रे : ४ + ३, मेजर
ध, सा, ग : ३ + ४, मायनर
नि, रे, म : ३ + ३, उणा

तीन मेजर, तीन मायनर आणि एकच उणा. सहा घरांत पंचम आहे, सातव्यात नाही. नि पासून म सहाच अर्धस्वरांवर येतो. पंचमाला एक अर्धस्वर कमी पडतो. 'उणा' हे नाव त्यावरूनच. हा त्रिस्वर दोषी आहे, चुकीचा आहे, असा या शब्दाचा अर्थ मुळीच नाही. त्याचे टोकाचे अंतर पंचमापेक्षा आखूड आहे, एवढेच त्यातून सांगितले जाते.

पांढरी एक हा सा धरला तर नि, रे, म हे तीनही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात : पांढरी सात, वरच्या सप्तकातील पांढरी दोन आणि पांढरी चार. वाचकांनी पेटी उघडून हे तीन स्वर एकदा वाजवावे आणि मग सा, ग, प वाजवावा. पुढील विवेचनाचा अर्धा भाग कान आधीच समजून घेतील.

३. 'दुरुस्ती' का करू नये?

पुष्कळ वादक त्रिस्वर हाताच्या ठशाने शिकतात. मूळ स्वरापासून सातव्या अर्धस्वरावर करंगळी पडली पाहिजे, असा नियम बोटांत बसतो. सहा त्रिस्वरांपर्यंत हा नियम उत्तम चालतो. नि च्या घरी आल्यावर तीच करंगळी सवयीने शुद्ध म सोडून तीव्र म वर पडते. नि, रे, तीव्र म असा मायनर त्रिस्वर तयार होतो. एकटा ऐकला तर तो गोडच लागतो, म्हणून वादकाला आपले काही चुकले असे वाटत नाही. पण त्याच क्षणी मंडळी शुद्ध म गात असेल तर दोन मध्यम एकमेकांवर आदळतात. गाणाऱ्यांपैकी काही जण पेटीकडे ओढले जातात, काही आपल्या म वर ठाम राहतात आणि ओळ फाटते. शिवाय शुद्ध म जाऊन तीव्र म आला की बिलावलाचा कल्याण थाट होतो. पट्ट्या त्याच ठेवून नवा सा शोधू लागलो तर तो जुन्या प वर सापडतो. म्हणजे एका बोटाच्या चुकीने गीताचे घरच बदलू पाहते.

हा उणेपणा आपल्या शास्त्रालाही अपरिचित नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात नऊ आणि तेरा श्रुतींच्या अंतरावरील स्वरांना परस्परसंवादी म्हटले आहे. तीच आपली षड्जमध्यम व षड्जपंचम ही अंतरे. शुद्ध सप्तकात इतर प्रत्येक स्वराला वरच्या बाजूस आपला पंचम सापडतो. सा ला प, रे ला ध, ग ला नि, म ला तार सा, प ला तार रे, ध ला तार ग. एकट्या नि चा पंचम तीव्र मध्यम असल्याने तो या सप्तकात बसत नाही. सात स्वरांचे हे घर मुळातच असे बांधलेले आहे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी सहा थाटांत असा उणा त्रिस्वर एकेकच येतो. मात्र प्रत्येकात त्याची जागा निराळी असते :

बिलावल : नि, रे, म
कल्याण : तीव्र म, ध, सा
खमाज : ग, प, कोमल नि
काफी : ध, सा, कोमल ग
आसावरी : रे, म, कोमल ध
भैरवी : प, कोमल नि, कोमल रे

प्रत्येक ठिकाणी तीन अधिक तीन हेच मोजमाप येते, हे पट्ट्या मोजून ताडून पाहावे. उरलेल्या भैरव, पूर्वी, मारवा व तोडी या थाटांत अंतरांची रचनाच वेगळी असल्याने हा हिशेब तेथे जसाच्या तसा लावू नये.

४. सैतानाचा स्वर?

या त्रिस्वराच्या टोकांमधील सहा अर्धस्वरांच्या अंतराविषयी एक आख्यायिका ख्रिस्ती संगीतप्रेमींत वारंवार ऐकू येते. मध्ययुगात चर्चने या अंतराला 'संगीतातील सैतान' ठरवून त्यावर बंदी घातली होती, असे सांगितले जाते. अशा बंदीचा कोणताही हुकूम इतिहासात सापडत नाही. 'संगीतातील सैतान' हा लॅटिन वाक्प्रयोग आढळतो तो मध्ययुगानंतर पुष्कळ काळाने, अठराव्या शतकाच्या आगेमागे लिहिलेल्या संगीतशिक्षणाच्या ग्रंथांत. तो धर्मशास्त्राचा निर्णय नव्हता. विद्यार्थ्यांना अवघड जागा दाखविण्याची ती शिक्षकांची एक रीत होती.

खरी गोष्ट यापेक्षा साधी आणि अधिक उपयोगी आहे. अकराव्या शतकात इटलीतील अरेत्सो येथील ग्विडो या संन्याशाने गायकवृंदाला शिकविण्यासाठी सहा अक्षरे योजिली : उत, रे, मी, फा, सोल, ला. योहान बाप्तिस्मा करणारा याच्या एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींच्या आरंभीची ही अक्षरे होत. यांत सातवे अक्षर नव्हते. आपल्या भाषेत सांगायचे तर सा पासून ध पर्यंतच्या या सहा स्वरांत नि नाही, आणि म्हणून नि व म यांची गाठही पडत नाही. अवघड उडी टाळणारी ही शिडी होती. गाण्यात म आणि नि समोरासमोर येण्याचा प्रसंग आलाच तर नि उतरवून कोमल करण्याची मुभा असे. वाद्याच्या आधाराविना गाणाऱ्या वृंदाला ही उडी अचूक साधणे कठीण जाई, एवढेच यामागचे कारण. पुढे सातवे अक्षर 'सी' आले, चार स्वरपंक्तींत गाण्याची कला वाढली आणि जे अंतर टाळले जात होते त्यालाच गीताच्या वाटचालीत मानाचे काम मिळाले. ते काम आता पाहू.

५. ओढ आणि विसावा

शुद्ध सप्तकात लगतच्या दोन स्वरांमध्ये अर्धस्वराचेच अंतर असलेल्या दोन जागा आहेत. एक ग आणि म यांच्यामध्ये, दुसरी नि आणि तार सा यांच्यामध्ये. जेथे अंतर कमी तेथे ओढ अधिक. नि ला सा कडे चढावेसे वाटते, म ला ग कडे उतरावेसे वाटते. उण्या त्रिस्वरात हे दोन्ही स्वर एकाच वेळी वाजतात आणि विरुद्ध दिशांनी ओढ घेतात. नि वर जाऊन सा होतो, म खाली येऊन ग होतो, मधला रे बहुधा सा वर उतरतो. तीनही स्वर घरी पोहोचतात. म्हणून हा त्रिस्वर थांबण्याची जागा होत नाही. तो पुढच्या पायरीकडे नेणारा उंबरठा आहे. त्यावर गीत संपविले तर वाक्य अर्ध्यात तोडल्यासारखे वाटते. त्यावरून सा, ग, प वर आले तर विसावा अधिक गोड लागतो.

प, नि, रे या त्रिस्वराशीही याचे जवळचे नाते आहे. प, नि, रे, म असा चार स्वरांचा मेळ इंग्रजी चालींत शेवटच्या सा च्या आधी पुष्कळदा येतो. त्यातील प वगळला की उरतो तो आपला उणा त्रिस्वर. दोघांचे काम एकच, फक्त प असता आधार भक्कम, प नसता हलका. ओळीच्या अखेरीस प, नि, रे योग्य. ओळीच्या मध्ये, चालता चालता सा वरून ग कडे जाताना नि, रे, म शोभतो.

तीन अर्धस्वरांची आणखी एक पायरी वर चढली की नि, रे, म, कोमल ध असा चार स्वरांचा मेळ होतो. तीन, तीन, तीन, आणि परत मूळ स्वरापर्यंत तीन : सप्तकाचे चार समान भाग. सगळीकडे अंतर सारखेच असल्याने यात घर कोणते हे कानाला सांगता येत नाही. बारा पट्ट्यांवर असे मेळ तीनच निघतात. योहान सेबास्टियन बाख याच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन' या महान रचनेत याचा एक चिरस्मरणीय प्रयोग आहे. ही रचना १७२७ च्या उत्तम शुक्रवारी लाइपझिग येथे प्रथम गाइली गेली असे आज मानले जाते. कोणाला सोडू, असे पिलात विचारतो, आणि वृंद एकाच शब्दाने उत्तर देतो : बरब्बा. तो शब्द बाखने याच जातीच्या मेळावर ठेविला आहे. क्षणभर ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. सैतानाचे अंतर म्हणून ज्याची भीती घालण्यात येते, तेच अंतर या थोर ख्रिस्ती संगीतकाराने शुभवर्तमानातील सत्य प्रसंग सांगण्यासाठी वापरले.

६. पेटीवर आणि चार पंक्तींत

हातपेटीवर एक हात भात्याला गुंतलेला असतो, म्हणून चाल आणि त्रिस्वर दोन्ही एकाच हाताने सांभाळावे लागतात. चाल नेहमी सर्वांत वरच्या बोटाखाली ठेवावी. चालीत नि येऊन तार सा वर जात असेल तर रे, म, नि असे धरून पुढे सा, ग, तार सा वर यावे. चालीत तार रे येऊन तार सा वर उतरत असेल तर म, नि, तार रे धरून ग, तार सा वर यावे. येथे दोन बोटांचे स्वर एका पट्टीवर मिळतात, ते योग्यच आहे. पेटीची अखंड सुराची खुंटी ओढलेली असेल तर ती आधी बंद करावी. सतत वाजणारा सा हा नि ला खेटून बसतो आणि उण्या त्रिस्वराचे सारे काम बिघडवितो.

चार पंक्तींत गाणाऱ्या वृंदासाठी दोन सूचना पुरेत. पहिली, बासला नि किंवा म न देता रे द्यावा. मग बासपासून मोजलेली दोन्ही अंतरे सौम्य होतात आणि कठोर अंतर वरच्या पंक्तींत झाकले जाते. दुसरी, दोन पंक्तींना एकच स्वर द्यावयाचा झाल्यास रे द्यावा. नि दोघांना दिला तर दोघेही सा कडे धावतात आणि गाणे पोकळ होते. याचा एक नमुना असा :

सोप्रानो : तार ग, तार रे, तार सा
आल्टो : तार सा, नि, तार सा
टेनर : प, म, प
बास : सा, रे, ग

सोप्रानो उतरतो, बास चढतो, आणि दोघांची भेट रे वर होते. म चा कल ग कडे असतो हे वर सांगितले. येथे ग बासकडे असल्याने टेनर पुन्हा प वर जातो.

छत्तीसगडच्या मंडळ्यांना अशा गायनाचा वारसा दूरचा नाही. धमतरी येथे १८९९ मध्ये कार्य आरंभणारे अमेरिकन मेनोनाइट ज्या परंपरेतून आले, तीत वाद्याविना चार पंक्तींत गाणे हा उपासनेचाच भाग होता. पेटी नसेल तेव्हा चार आवाजही पुरतात.

७. भजनात त्याचे स्थान

आता दुसरी बाजू. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९) यांनी अभंग, भजन व कीर्तन यांची देशी वाट मराठी ख्रिस्ती उपासनेत रुंद केली. या वाटेवरचे गाणे त्रिस्वरांवर उभे नसते. त्याचा आधार एक अखंड सा आणि त्याच्या भोवती फिरणारी स्वरांची चाल हा असतो. तेथे प्रत्येक मात्रेला त्रिस्वर धरणे म्हणजे अंगणातल्या तुळशीभोवती लोखंडी जाळी उभारण्यासारखे आहे.

येथे उणा त्रिस्वर एक चांगली कसोटी पुरवितो. भूप रागात सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर आहेत; दुर्गा रागात सा, रे, म, प, ध; मालकंसात सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. या तिन्ही रागांत कोणत्याही दोन स्वरांमध्ये सहा अर्धस्वरांचे अंतर नाही. म्हणजे यांत उणा त्रिस्वर तयारच होऊ शकत नाही. अशा चालीच्या भजनात तो ऐकू आला तर वादकाने बाहेरचा स्वर आत आणला आहे हे निश्चित समजावे. भूपात म किंवा नि वाजला की भूप उरत नाही. अशा वेळी चाल एकेरी वाजवावी, फार तर सा व प यांचा आधार द्यावा, आणि टाळ व तबला यांना आपले काम करू द्यावे.

तात्पर्य एवढेच की, इंग्रजी चालीच्या गीतात नि, रे, म आला तर त्याचा म 'सुधारू' नये, आणि देशी चालीच्या भजनात तो नसेल तर बळेच आणू नये. पहिल्या ठिकाणी त्याचा उणेपणा गीताला पुढे नेतो, दुसऱ्या ठिकाणी त्याची अनुपस्थितीच रागाचे रूप राखते. पेटीवर बसणाऱ्याने गीत हाती घेताच आधी विचारावे : ही चाल त्रिस्वरांच्या घरची आहे की तंबोऱ्याच्या? उत्तर मिळाले की बोटे आपोआप शहाणी होतात, आणि गाणाऱ्या मंडळीचे मन पेटीकडून शब्दांकडे जाते. उपासनेत ते तेथेच असावे.

अभ्यास

१. पांढरी पाच हा सा धरल्यास नि, रे, म कोणत्या पट्ट्यांवर येतात?
२. काळी एक हा सा धरल्यास तेच स्वर कोठे येतात?
३. ध, सा, कोमल ग ही अंतरे मोजा. हा त्रिस्वर कोणत्या थाटातील?
४. आपल्या मंडळीत नेहमी गाइली जाणारी पाच गीते घ्या. प्रत्येकाच्या चालीत नि आणि म हे दोन्ही स्वर आहेत का ते पाहा. जेथे दोहोंपैकी एकही नाही, तेथे या त्रिस्वराचे काम नाही अशी खूण करून ठेवा.

उत्तरे : (१) काळी तीन, पांढरी सहा, पांढरी एक. (२) पांढरी एक, काळी दोन, काळी तीन. (३) तीन व तीन, काफी. (४) याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या गीतांच्या वहीत लिहावे.